अण्णाची जांभळी ब्रोकोली

गेल्या रविवारी बेंगळुरूजवळचं, होसकोटेचं अण्णाचं घर रिकामं केलं. वहिनी मुलाबरोबर पुण्याला गेल्या... आणि व्हाइटफील्डला परत येताना कॅबमध्ये माझं रडू थांबेना.

अण्णा, माझा थोरला भाऊ, पावसाळा संपता संपता गेला. सकाळी चहा घेता घेता अटॅक आला. रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं.

घरामागच्या एवढ्याशा जागेत त्यानं नुकतीच स्प्राउटिंग ब्रोकोलीची रोपं लावली होती. बाजारातल्यासारखा एकच मोठा गड्डा हिला येत नाही, फांदीफांदीला बारीक जांभळे तुरे येतात. "त्यापेक्षा मेथी लावा," असं वहिनी म्हणायच्या.

तो गेल्यावर वहिनी मागचं दारच उघडेनात. जेवण म्हणजे दोन घास ताकभात. मी शनिवारी जाऊन झाडांना पाणी घालायचे, एरवी शेजारच्या गौरम्मा अक्का घालायच्या.

संक्रांतीनंतर भाचा आला, मंदार. आईला पुण्याला न्यायचं, घर भाड्यानं द्यायचं, मागे सिमेंट करून पार्किंग काढायचं, सगळं ठरवूनच. त्याचंही चुकत नव्हतं... आई एकटी कशी राहणार? वहिनी नुसतं "सरी" म्हणाल्या, कन्नडमधलं 'ठीक आहे'.

सिमेंटवाला येणार त्याच सकाळी गौरम्मा अक्कांनी कंपाउंडवरून हाक मारली. तुरे धरलेत, आज नाही काढले तर फुलं होऊन जातील, असं त्या कन्नडमध्ये सांगत होत्या.

वहिनींनी दार उघडलं. झाडं कमरेएवढी झाली होती. त्या आत जाऊन कात्री घेऊन आल्या.

लसूण-मिरचीची फोडणी, वर दाण्याचं कूट. त्या दिवशी वहिनींनी अख्खी भाकरी खाल्ली. खाता खाता म्हणाल्या, "चांगली लागते की... त्यांना एकदा तरी मिळायला हवी होती." आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या.

डोळे पुसून मंदारला म्हणाल्या, "ही झाडं संपेपर्यंत मी येणार नाही."

"कधी संपणार, आई?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एक तुरा कापला की बाजूनं नवे फुटत होते. मंदारनं सिमेंटवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं, आणि एकटाच परत गेला.

पुढचे काही आठवडे वहिनी रोज बागेत जायच्या. शनिवारी मी गेले की तुरे काढता काढता अण्णाबद्दल बोलायच्या... भांडणंसुद्धा सांगायच्या. मूठ मूठ भाजी गल्लीत सगळ्यांकडे गेली.

ऊन तापलं तसे तुरे बारीक झाले, मग पिवळी फुलं आली. वहिनींनी स्वतःच मंदारला फोन केला, "ये आता."

रविवारी झाडं त्यांनी एकटीनं उपटली. आम्हाला हात लावू दिला नाही.

दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण वहिनींना त्या घरातून कुणी नेलं नाही, त्या आपल्या पायांनी निघाल्या. अण्णाला हे सांगायचं होतं... म्हणून इथे लिहिलं.