म्हशीला इचारा की

पोलिसातल्या नोकरीत भेटलेल्या बऱ्याच माणसांचे चेहरे आता पुसट झाले आहेत. ती म्हैस मात्र आजही आठवते.

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या एका गोठ्यातून ती भरदिवसा चोरीला गेली. मालक फिर्याद द्यायला आले ते आरोपी सोबत घेऊनच आले. पोलिसांचे श्रम वाचवणारे फिर्यादी असतात, त्यांतले ते. आरोपी म्हणजे त्यांचाच गडी. तरुणपणी कामासाठी आलेला, तेव्हापासून गोठ्याच्या माळ्यावरच राहणारा. मालकांचा तर्क असा, की ही म्हैस परक्याला अंगाला हात लावू देत नाही, तेव्हा नेली असेल तर यानेच. तर्क वाईट नव्हता. ठाणे अंमलदाराने तर कागद पुढे ओढलाही होता.

मी गड्याला आत बोलावून विचारपूस केली. तो एवढंच बोलला, "म्या न्हाय नेली, सायब. म्हशीला इचारा की."

ठाण्यात हशा पिकला. तो हसला नाही. खोटं बोलणारा माणूस सहसा बरंच बोलतो, हा माझा अनुभव; याचं एका वाक्यात भागलं होतं. शिवाय अटक झाली असती, तर सुटून आल्यावर त्याला जायला घर नव्हतं. गोठा हेच घर. आणि चोर म्हणून नाव झालेल्या माणसाला आमच्या भागात कोणी जनावराजवळ फिरकू देत नाही. मी अटक टाळली, रोजची हजेरी लावली. मालकांनी गोठ्याला कुलूप घातलं. गडी दिवसभर आमच्या व्हरांड्यात बसू लागला.

या म्हशीला एवढा मान का, ते सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. मालक फेटा बांधून मोटारसायकलवर पुढे, गाडीचा सायलेन्सर काढलेला, आणि त्या फटफटीमागे म्हैस दोरीशिवाय धावते. ज्याची म्हैस गर्दी कापत नीट पळते, त्याची मान वर्षभर ताठ. ही म्हैस त्यात नावाजलेली होती.

जनावरांच्या बाजारात आमचा एक खबऱ्या होता. तो म्हणाला, असली म्हैस कुठल्याच बाजारात उतरलेली नाही. "आता चोर बाजारात कशाला येतील, साहेब? मोबाइलवर फोटो टाकायचा, गिऱ्हाईक घरी येतंय."

माझ्या हवालदाराने लगेच 'चोरीची म्हैस' असं सर्चमध्ये टाकलं. निम्म्या महाराष्ट्रातल्या म्हैसचोरीच्या बातम्या आल्या, आणि म्हशीच्या दुधाचे फायदेही. चोर आपला माल 'चोरीचा' म्हणून विकेल, ही अपेक्षा मला जरा जास्त वाटली.

इंटरनेटवर शोधायचं कसं, याचं प्रशिक्षण आम्हाला एकदा मिळालं होतं. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ आणि प्रमुख पाहुण्यांचं समाजमाध्यमांच्या धोक्यांवरचं चिंतन झाल्यावर जो थोडा वेळ उरला, त्यात एका तंत्रज्ञाने घाईघाईने चार कामाच्या गोष्टी सांगितल्या. शब्द अवतरणचिन्हांत घातले की तेच शब्द, त्याच क्रमाने शोधले जातात. नको त्या शब्दाआधी वजाबाकीचं चिन्ह दिलं की तो गळतो. 'साइट' असं इंग्रजीत लिहून दोन टिंबं आणि पत्ता दिला, की त्या एकाच संकेतस्थळावर शोध होतो. आणि निकाल ठरावीक काळापुरते मागता येतात. मला जुनी पुस्तकं हुडकायचा नाद असल्याने हे सगळं माझ्या हातात बसलेलं होतं. बाकीच्यांनी प्रमाणपत्र चौकटीत लावलं.

खबऱ्याकडून जनावरं विकणाऱ्या संकेतस्थळाचं नाव घेतलं आणि तेवढ्यावरच, गेल्या आठवड्यापुरता शोध सुरू केला. 'म्हैस विकणे आहे' अवतरणात घातलं. आपली नव्हे, अशा भलत्याच म्हशी आल्या. हवालदार मागून म्हणाला, "साहेब, म्हैस शाळेच्या पुस्तकात. आपल्याकडं म्हस." बरोबर होतं. 'म्हस' टाकलं. तरी ढीग मोठाच. 'रेडकू' आणि गोठ्याच्या धंद्यात 'पार्टनर पाहिजे' म्हणणाऱ्या जाहिराती वजा केल्या, ढीग थोडा खाली आला.

मग मी कीबोर्डवरून हात काढले आणि विचार केला. चोर काय लपवेल? कानातला बिल्ला, गाव, मालक. आणि कोल्हापूरचा माणूस जन्मात काय लपवू शकणार नाही? मी अवतरणात दोनच शब्द टाकले: 'गाडीमागं पळती'.

एकच जाहिरात आली. कबनूरची. 'एक नंबर म्हस, गाडीमागं पळती, बघाल तर घेऊनच जाल.'

आम्ही साध्या कपड्यांत कबनूरला निघालो. दोन पंच, मालक, त्यांची मोटारसायकल टेम्पोत, आणि गडी. गड्याला कशाला, असं मालकांनी विचारलं. हजेरी आहे त्याची, असं मी म्हणालो.

जाहिरात देणाऱ्या व्यापाऱ्याचं आवार यंत्रमागांच्या दोन शेडच्या मधोमध होतं. जागा हुशारीने निवडलेली. मागांच्या खडखडाटात तिथे हत्ती ओरडला तरी शेजाऱ्याला कळलं नसतं. म्हैस उभी होती. कानातला बिल्ला कापलेला, शिंगं नव्याने रंगवलेली. मी ओळख देताच मालक पुढे झाले, ही माझीच म्हणाले. व्यापारी हसला. "पावणं, म्हशी समद्या काळ्याच असत्यात. बाजारात घेतलीया मी."

मी त्याला जाहिरात दाखवली आणि गाडीमागे पळते हे त्याला कसं कळलं, ते विचारलं.

"पळवून बघितली की."

"कशावर?"

त्याने कोपऱ्यात उभी असलेली स्कूटर दाखवली. विजेवर चालणारी, आवाज न करणारी. मी म्हणालो, पळवा. तो स्कूटरवर बसून आवारात गोल फिरला. म्हशीने त्याच्याकडे पाहिलं, रवंथ चालू ठेवलं.

"आज तिची तब्येत बरी न्हाय," तो म्हणाला.

मालकांनी आपली मोटारसायकल खाली घेतली. सायलेन्सर नव्हता, मोटार वाहन कायद्याकडे मी पाठ फिरवली. मालक किक मारत राहिले. गाडी खोकली, थांबली. पुन्हा खोकली. पाडव्याला फेटा बांधून मागे बसण्यापलीकडे त्या गाडीशी त्यांचा फारसा संबंध नव्हता, हे पंचांच्याही ध्यानात आलं. मालकांचा चेहरा लाल झाला. शेवटी ते उतरले आणि गड्याच्या तोंडाकडे न बघता म्हणाले, "तू घे."

गड्याने एका किकेत गाडी चालू केली.

म्हशीचे कान उभे झाले. माग खडखडत होते, पण तिला हवं ते ऐकू आलं होतं. तिने मान झटकली, खुंटा उपटला आणि दोरी फरफटवत त्याच्यामागे निघाली. आवाराच्या दाराशी तो थांबला तशी तीही थांबली आणि त्याची पाठ चाटू लागली.

गडी माझ्याकडे वळला. "इचारलं न्हवं, सायब?"

त्यानंतर व्यापारी लवकर कबूल झाला. गिऱ्हाईक म्हणून त्याचा एक माणूस तीनदा गोठ्यावर येऊन गेला होता, दर खेपेला म्हशीला गूळ चारून हाताची सवय लावली होती. तेव्हा मालकांनी त्याला चहा पाजला होता.

पंचनाम्यात 'म्हशीने ओळख पटवली' असं लिहायला हवालदार कचरत होता. मी लिहायला लावलं.

अवतरणचिन्हांचा गुण मी वर सांगितला. त्यातच त्यांचा धोका आहे. आपण जे आत घालतो, तेवढंच यंत्र बघतं, त्याच्या लेखी बाकी जग नसतंच. त्या दिवशी फिर्यादीत एका गड्याचं नाव असंच अवतरणात घालून आमच्यापुढे आलं होतं. शोध तेवढ्यावरच चालला असता, तर निकाल नक्की मिळाला असता, आणि तो चुकीचा असता. तपासात आधी बघायचं ते हे, की प्रश्न कोणी लिहून दिला आहे.

मालकांनी गड्याची माफी मागितल्याचं माझ्या कानावर आलं नाही. पुढच्या पाडव्याला बंदोबस्ताला होतो, तेव्हा ती म्हैस गर्दी कापत माझ्यासमोरून गेली. पुढे मोटारसायकल गडी चालवत होता. मालक मागे बसले होते. फेटा गड्याच्या डोक्यावर होता.