ऑटोतला आवाज

“मी गायलोच नाई, तं हे कोन गाऊन राह्यलं?”

देवाजीबाबांनी मोबाइल माझ्यासमोर आपटला. गाणं वाजत होतं. आवाज बाबांचा, स्तुती निवडणुकीतल्या एका उमेदवाराची.

हिंगणघाटला माझा लहानसा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. देवाजीबाबा वडनेरकडचे, जन्मभर भीमगीतं गायलेले. खोकल्यानं छाती धरली तसं त्यांनी गाणं सोडलं. तरी वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला वंदना झाली की त्यांचंच जुनं रेकॉर्डिंग लागायचं. पोरंसोरं त्यावरच वाढली.

उमेदवाराची माणसं आधी बाबांकडेच गेली होती. “ज्या गळ्यानं भीमगीतं गायली, त्याच गळ्यानं याचं नाव घेऊ काय?” म्हणत बाबांनी त्यांना हाकलून लावलं. पण प्रचाराचा ऑटो हे गाणं वाजवत त्यांच्याच वस्तीतून फिरला. बाबा विकले गेले, असं वस्तीनं ठरवून टाकलं.

मी हेडफोन लावला आणि डोकंच फिरलं. गाण्यात श्वास नव्हता. माझ्याकडे रेकॉर्डिंग करताना बाबा ओळ उचलण्याआधी एवढा दणदणीत श्वास घ्यायचे, की तो पुसताना माझा जीव जायचा, तरी थोडा उरायचाच. हा व्हॉइस क्लोन होता. कॉम्प्युटर जुन्या गाण्यांवरून आवाज शिकतो, मग त्याच्याकडून वाट्टेल ते गाऊन घेता येतं.

प्रचाराच्या मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, “आमी त्याइचं नाव लिवलं काय कुठं? मिळताजुळता आवाज रायते, साहेब.” फोन कट.

पौर्णिमेला मी स्पीकर घेऊन विहारात गेलो. गाणं वाजवलं, क्लोनचं सगळं समजावून सांगितलं. एक बाई म्हणाली, “स्टुडिओ तं तुमचाच हाये, भाऊ. तुमीच बनवलं असन.”

मग बाबा उठले. “मले आता असं गाताच येत नाई. आयका, न् तुमीच ठरवा.”

ते भीमगीत गायले. जीव ओतून गायले. वरच्या सुरात आवाज फाटला, अर्ध्या ओळीत दम संपला. मला ऐकवेना.

मागून कोणीतरी म्हणालं, “मुद्दाम आवाज बिघडवून काऊन गाऊन राह्यले, बाबा? तुमचा आवाज का आमाले मालूम नाई?”

बाबा खाली बसले. पुढच्या पौर्णिमेला विहारात त्यांचं रेकॉर्डिंग लागलं नाही. उमेदवार निवडून आला.

हल्ली मी गायकांना सांगतो, आवाज थकला तरी दरवर्षी एखादं गाणं रेकॉर्ड करत जा. थकलेला आवाजही लोकांच्या ओळखीचा राहू द्या. बाबांनाही सांगितलं.

“आता कोनासाठी?” ते म्हणाले.