डाव्या बाजूचा हॉर्न

१९९५च्या फेब्रुवारीत माझ्या डाव्या कानाने ऐकू येणे बंद झाले. आधी ताप होता. कारण डॉक्टरांना सांगता आले नाही. या कानाने पुन्हा ऐकू येणार नाही, एवढे त्यांनी सांगितले.

मी तेव्हा बंगलोरच्या एका इंग्रजी दैनिकात बातमीदार होतो. राहायला मल्लेश्वरममध्ये आणि कामासाठी दिवसभर मोटरसायकलवर. एका कानाने कमी ऐकू येणार हे धरून चाललो होतो. आवाजाची दिशा कळत नाही, हे रस्त्यावर समजले. प्रत्येक हॉर्न उजवीकडूनच वाजल्यासारखा वाटे.

मार्चमध्ये एका ऑटोने डावीकडून हॉर्न दिला. त्याला वाट द्यावी म्हणून मी डावीकडे सरकलो, म्हणजे थेट त्याच्याच अंगावर. माझे कोपर सोलवटले. ऐकू येत नाही का, असे ऑटोवाल्याने कानडीत विचारले. एका बाजूने येत नाही, असे मी सांगितले. मी थट्टा करतोय असे त्याला वाटले आणि तो आणखी चिडला.

"गाडी विका," कोपराला औषध लावताना बायको म्हणाली.

"मग बातम्या कशा आणू?"

"डेस्कवर घेतील की तुम्हाला. दुसऱ्यांच्या बातम्या कापायच्या. आवडेल तुम्हाला."

मला ते आवडणार नव्हते आणि तिला ते माहीत होते. दोन दिवसांनी तिनेच तोड काढली. ती इंदिरानगरच्या पुढे एका सरकारी कारखान्यात नोकरीला होती आणि कंपनीच्या बसने जात असे. महिनाभर तिने बस सोडून माझ्या मागे बसायचे. एखादा धोका माझ्याआधी तिला दिसला तर खांद्यावर थाप मारायची. महिनाअखेरीसही थापा पडत राहिल्या तर गाडी विकायची.

बोलून सांगण्याचा प्रयोग आधीच फसला होता. ती मागून काही म्हणाली की ऐकण्यासाठी मी मान उजवीकडे वळवायचो आणि डावी बाजू पूर्ण सुटायची.

गाडीला मुळात एकच आरसा होता, उजवीकडचा. मी डावीकडेही बसवून घेतला. "एरडु कन्नडी याके, अण्णा?" मेकॅनिक हसला. दोन आरसे कशाला, लग्नाला निघालात का? आरसा उपयोगाचा होता, पण गाडीने वेग घेतला की त्यातले चित्र थरथरे. तेव्हा खांद्यावरून एकदा मागे पाहावेच लागे.

पहिल्या आठवड्यात खूप थापा पडल्या. त्यातल्या काही मला कळतच नव्हत्या. थाप पडे तेव्हा पुढे काहीच नसे आणि मग उजवीकडून एखादा ऑटो आडवा येऊन माझ्यासमोर डावीकडे वळे.

"तुला आधी कसं कळतं?" मी विचारले.

"मला ऑटो कुठे दिसतो? मी साडी नेसून एका बाजूला बसते. तोंड फुटपाथकडे असतं. तिथल्या माणसाने हात वर केला की कुठला तरी ऑटो त्याच्याकडे वळणारच."

त्या दिवसापासून मी फुटपाथ पाहू लागलो. हात वर केलेला माणूस, बसथांब्यावर पुढे सरकलेली रांग, उभ्या मोटारीत दाराकडे कललेले डोके. असे काही दिसले की हॉर्नची वाट न पाहता वेग कमी करायचा. हॉर्न वाजलाच तर आधी दोन्ही आरसे पाहायचे, तोवर हँडल हलवायचे नाही. थापा कमी होत गेल्या.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही चिकपेटेत पडद्यांचे कापड घेतले. परतताना गठ्ठा तिच्या मांडीवर होता. वाटेत लोखंडी पेटी घेऊन उभ्या असलेल्या एकाने हात वर केला. मी ब्रेक दाबला. ऑटो आमच्या चाकापुढून तिरका गेला. थाप पडली नाही.

"पाहिलंस?" घरी पोचल्यावर मी विचारले.

"काय?"

"ऑटो. पेटीवाला माणूस."

"गठ्ठा नाकापर्यंत होता. मला काही दिसलं नाही."

"म्हणजे हा धरायचा नाही?"

"तुम्ही बातमीदार ना? दुसरा साक्षीदार आणा."

सोमवारी ती रिकाम्या हातांनी बसली. मल्लेश्वरमपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत एकही थाप पडली नाही. ती उतरली, पदर सारखा केला.

"एकदा हात उचलला होता," ती म्हणाली.

"कुठे?"

"ते आता राहू दे. तुम्ही आधीच ब्रेक दाबला होता."

मंगळवारी ती कंपनीच्या बसने गेली.