वाट नसलेलं गाव

बाबांनी नोकरीभर जंगलातल्या गावांना पायी डाक नेली. निवृत्त झाल्यावर त्यांना विसर पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, जुन्या गोष्टी बोलत राहा. मला नुसतं बोलत बसणं जमत नाही, म्हणून मी काम काढलं. बाबांनी वाटा सांगायच्या, मी टाइप करायच्या.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आरमोरीत मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. काय कशाला जोडलेलं आहे हे साध्या अक्षरांत लिहायची एक पद्धत असते. एका ओळीत एक नाव, मग बाण, मग दुसरं नाव. अशा फाईलवरून कॉम्प्युटर नावांचे गोल आणि बाणांच्या रेघा काढतो. पण फाईल वाचणारी तयार लायब्ररी, म्हणजे त्या कामाचा प्रोग्रॅम, क्लासच्या जुन्या मशीनवर चालेना, तेव्हा मीच एक लिहिली. पावसाळ्यात बंद होणाऱ्या वाटेला तुटक रेघ, हेही तिला कळायचं. मला तिचा अभिमान होता.

दर रविवारी बाबा सांगत. एका रविवारी शेवटी म्हणाले, "आता तुझ्या आईचं गाव लिव."

"तिथून वाट कुठी जाते?"

"कुठीच नाई. वस्ती उठली, वाट जंगलानं खाल्ली. पन गाव लिव."

मी टाइप केलं आणि पुढच्या कामाला लागले. आठवड्याने छापील कागद आणून दिला. बाबांनी एकेका गोलावर बोट ठेवत सगळा कागद तपासला, डाकेची थैली तपासावी तसा.

"काऊन गं पोरी, तुझ्या आईचं गाव नाई दिसून राह्यलं?"

"तुमी सांगितलंच नसेल."

"सांगतलो होतो."

"बाबा, मशीन फाईलमधलं सगळं काढते. काही गाळत नाही."

"तुझी मशीन तर आमच्या पोस्टमास्तरापेक्षा कडक आहे," ते हसले. मग कागद घडी करून मला परत दिला. "मंग मीच भुललो असीन. मले वाटलं होतं, वाटा तरी पक्क्या आहेत."

पुढच्या रविवारी ते बसले नाहीत. त्याच्याही पुढच्या नाहीत. "माह्यावर भरवसा नको ठेवू," एवढंच म्हणाले. आजार वाढला असं मी धरून चालले.

वर्षभराने क्लासमध्ये नव्या मशीन आल्या. तयार लायब्ररी त्यांवर चालली. तपासायला हाताशी होती म्हणून बाबांची फाईल तिला दिली. कागदाच्या कोपऱ्यात एक गोल जास्त आला, एकही रेघ नसलेला. आईचं गाव.

फाईल उघडली. ओळ होती, मीच टाइप केलेली. माझी लायब्ररी लिहिताना मी ठरवलं होतं की बाण नसलेली ओळ म्हणजे टायपिंगची चूक, ती सोडून द्यायची. त्या पद्धतीच्या नियमाप्रमाणे ओळीत नुसतं नावही चालतं, ते मी वाचलं नव्हतं. त्या दिवशी फाईल उघडून बघायला एक मिनिट लागलं असतं. मी बाबांना खोटं ठरवलं, कारण ते सोपं होतं.

कागद घेऊन घरी गेले. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. मी गोलावर बोट ठेवलं. "तुमी बरोबर होते. चूक माझी होती."

त्यांनी बराच वेळ कागद पाहिला. आणि कचेरीतल्या अनोळखी बाईशी बोलावं तशा अदबीने विचारलं, "हे कोनतं गाव आहे, बाई? इथी डाक नेतात का?"