वरची कोथिंबीर

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. लेक स्पेनमध्ये नोकरीला, आणि डॉक्टरांनी तिला विमान बंद केलेलं. तेव्हा माझ्या बायकोने भर स्वयंपाकघरात फर्मान काढलं, "तिले येता येत नाही, त मीच माहेर घेऊन जाईन तिथं!"

लेक अंथरुणावर, जावई दिवसभर कामावर. म्हणजे बाजारहाट हिलाच करावा लागणार. म्हणून रोज संध्याकाळी फोनवर शिकवणी. लेक म्हणायची, "सेबोया." ही कांदा चिरता चिरता म्हणायची, "सेबोया." लसूण म्हणजे आखो, दूध म्हणजे लेचे, मीठ म्हणजे साल. मी डोक्याला टॉवेल गुंडाळून, मिशीला पीळ देऊन दारात दुकानदार व्हायचो. "बोला, सेन्योरा!"

ती लाटणं उगारायची. "हसा! तिथं माह्यं अडलं, त तुम्ही येणार हाये का?"

देऊळगाव राजाच्या आठवडी बाजारात तिने नेहमीच्या भाजीवालीकडे सराव केला. "दोन किलो सेबोया दे वं माय."

"ऊन लागलं काय वं बाई?" भाजीवाली घाबरली. पुढे मात्र तीच लांबून ओरडायची, "या, सेबोयावाल्या बाई!"

एकाच गोष्टीवर गाडी अडली. भाजी मोजून झाली, की आपण पिशवीचं तोंड उघडं धरून म्हणतो, "वर थोडी कोथिंबीर टाक ना." हे तिकडे कसं मागायचं?

लेक हसली. तिची खरेदी मोठ्या दुकानांतली. "आई, इथं फुकट कोणी काही देत नाही. मागू नकोस बरं."

"काडीभर कोथिंबीर नाही देत?" बायको हिरमुसली. मग म्हणाली, "देतील. पिशवी धरून उभी राहीन."

पासपोर्ट आला त्याच आठवड्यात तिच्या छातीत कळ आली. जालन्याला नेईपर्यंत सगळं संपलं.

"आता माझं माहेर कोण करणार, बाबा?" लेक फोनवर रडत होती.

"मी," म्हणालो. जन्मात एक भेंडी न निवडलेला माणूस! घाईने माझा पासपोर्ट काढला, आणि बायकोने निवडून ठेवलेला डिंक आणि अळीव घेऊन मी निघालो.

तिकडच्या कोपऱ्यावर भाजीचं छोटं दुकान होतं. बायको करायची तशी मी फरसबीची शेंग मोडून पाहिली. दुकानदारीणबाईंनी बोट उगारलं: हात लावायचा नाही. मी शाळकरी पोरासारखे हात मागे बांधले आणि पाठ म्हणून दाखवला. सेबोया. आखो. दुकानदाराचं सोंग करता करता मलाच सगळं आलं होतं.

मोजून झालं, पैसे दिले. पुढचं मागायला शब्द नव्हता. मी नुसतं पिशवीचं तोंड उघडं धरलं, आणि जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

बाईंनी मागे वळून एक हिरवी जुडी उचलली, पिशवीत वर ठेवली आणि पैशांना मानेनेच नाही म्हटलं.

घरी लेकीने पिशवीत पाहिलं. "ही विकत आणली?"

"नाही. वर दिली."

तिने ती अलगद बाहेर काढली. जुडी नाकाशी धरून बसली. दिसायला कोथिंबिरीची बहीण, पण तो वास नव्हता. तरी आम्ही दोघं ती काडी काडी निवडत बसलो, तिची आई निवडायची तशी.