‘ळ’चा कोरडा फराटा

दुपारचे तीन. टेबलावर हात, हातावर डोकं. डोळे मिटत चाललेत. समोर स्क्रीनवर ‘ळ’ उघडा आहे. तीन वर्षं मी ब्रशच्या फटकाऱ्यांचा एक फॉन्ट घडवतेय, मिरजेच्या इलाही पेंटरच्या अक्षरांवरून. शाळेच्या सुट्ट्यांत मी त्यांच्याकडेच ब्रश धरायला शिकले. गेल्या माघात ते गेले. आता फॉन्ट घेणाऱ्या कंपनीचे सबनीस म्हणतात, खडबडीत कडा साफ करा. उद्या फॉन्ट द्यायचा आहे.

स्क्रीनचा उजेड भिंतीवर पसरतो आणि ती भिंत हळदीच्या गोदामाची होते. भिंतीला शिडी. शिडीवर इलाहीचाचा, कानामागे खडू.

“पोरी, डबा वर दे.”

मी देते. ते आता नाहीत हे मला ठाऊक आहे. भीती मात्र वाटत नाही.

“चाचा, तुमच्या कडा घासून काढायला सांगितलंय.”

“मग? घासल्यास?”

“घासून पाहिल्या. अक्षरं सुबक दिसतात, पण तुमची वाटत नाहीत.”

ते शिडी उतरतात. त्यांचा पाय टेकतो तो माझ्या शाळेच्या वर्गात. बाकांवर रंगाचे डबे ठेवलेत. चाचा माझ्या हातात ब्रश देतात, फळ्याकडे बोट दाखवतात.

“ळ काढ.”

मी काढते. पहिला वाटोळा फेरा भरदार येतो. दुसऱ्यात रंग संपतो, ब्रशचे केस फाकतात, फळा मधूनमधून दिसायला लागतो. मी डब्याकडे वळते, तोच ते माझं मनगट पकडतात.

“थांबू नको गं. रंग संपला तर संपू दे. हात पुढं ने. उरलेलं केस लिहितील.”

मी हात पुढे नेते. फराटा कोरडा होत जातो आणि फळ्याच्या कडेपाशी सुटतो. अक्षर उभं राहतं.

“चाचा, फॉन्टला तुमचं नाव देऊ?”

ते हसतात. “दे की! पण मोठ्ठं लिही. जन्मभर पाटीच्या कोपऱ्यात बारीक लिहिलं.”

फोन वाजतो. मी टेबलाशीच आहे, स्क्रीन चालू आहे.

“झाल्या का कडा साफ?” सबनीस विचारतात.

“नाही. कडा तशाच राहणार. आणि फॉन्टचं नाव ‘इलाही’.”

“अहो, पण ठरलं होतं…”

“दोन्ही ‘ळ’ पाठवते. मोठ्या पडद्यावर लावून लांबून बघा, मग बोला.”

मी पाठवते. पलीकडे खुर्ची सरकते, पावलं लांब जातात आणि परत येतात.

“खडबडीतच द्या,” ते शेवटी म्हणतात. “बाकीची अक्षरंही तशीच.”

फोन ठेवताना मनगटाकडे लक्ष जातं. तिथे चार बोटं उमटलीत, तांबड्या ऑइलपेंटची. माझ्या घरात काळ्या शाईखेरीज दुसरा रंग नाही.

मी बोट लावून पाहते. ओला आहे.