यादीतलं सातवं नाव

इस्तारी दिघोरेला कबड्डी खेळताना आमच्या पाथरटोल्यात कुणी पाहिलेलं नाही. तरीही कबड्डीतलं सगळं आपल्यालाच कळतं, असं त्याचं म्हणणं आहे आणि ते तो वीस वर्षं मोठ्या आवाजात मांडत आला आहे. मी इथल्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. नवज्योत क्रीडा मंडळाच्या सामन्यांना गुणलेखक म्हणून टेबलावर बसतो, त्यामुळे हा आवाज सगळ्यात जवळून मीच ऐकला. माझा उजवा कान हल्ली कमी ऐकतो. त्याचं निम्मं श्रेय मी इस्तारीला देतो.

जातीचा धिवर. पहाटे तलावात जाळं टाकायचं, नऊपर्यंत मासे बायकोच्या टोपलीत घालायचे, की त्याचा दिवस संपला. प्रेमिला ती टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची आणि हा पानठेल्याच्या ओट्यावर बसून टीम काढायचा. टीम काढायचा म्हणजे सात खडे मांडायचा. एकेक खडा म्हणजे एकेक खेळाडू. हा डावा कोपरा, हा उजवा, हे दोघं चढाईवाले. मग त्यातला एक खडा उचलून नालीत फेकायचा आणि म्हणायचा, हा गुणवंतरावाचा साळा. फेकलेला खडा रोज तोच असायचा आणि गुणवंतरावांचा साळा रोज टीममध्येच असायचा.

गुणवंतराव मंडळाचे अध्यक्ष. धानाची मोठी शेती, ट्रॅक्टर, आणि कबड्डीची अक्कल माझ्या टेबलाएवढी. पण टीम त्यांच्या अंगणात ठरायची. इस्तारीचा त्यांच्यावर मुख्य राग लालसूमुळे. लालसू हा आमचा उजव्या कोपऱ्यातला पोरगा, पाय धरला तर सोडवायला दोन माणसं लागायची. तो कामासाठी बाहेर गेला आणि सामन्यांच्या वेळी त्याला साधा फोन करायचंही अध्यक्षांना सुचलं नाही. पुढच्या वर्षी लालसू दुसऱ्या गावाकडून खेळला आणि आम्हाला हरवून गेला. त्याच्या जागी अध्यक्षांनी नागपूरकडून तिघं आणले. त्यांनी दोन दिवस गावच्या कोंबड्या खाल्ल्या, उपांत्य सामन्यात आडवे झाले आणि संध्याकाळच्या एसटीनं निघून गेले.

त्यानंतरच्या ग्रामसभेत इस्तारी उभा राहिला. नळाच्या पाण्याचा विषय चालू होता, तो त्यानं बाजूला सारला. आपल्या सामन्यात ज्या गावाची टीम त्याच गावचा माणूस खेळेल, आधारकार्ड दाखवल्याशिवाय कुणी आत पाय टाकणार नाही, असा नियम करा म्हणाला. तासभर भांडला. अध्यक्षांच्या तोंडावर म्हणाला की भाड्याच्या पोरांनी जिंकण्यापेक्षा घरच्या पोरांनी हरलेलं मले चालते. नियम झाला. रजिस्टरमध्ये तो मीच लिहिला, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला या माणसाचा अभिमान वाटला होता. तो अभिमान आज मी परत घेतो.

गुणवंतरावांना कबड्डी कळत नसली तरी माणसं कळतात. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी इस्तारीला घरी बोलावलं, चहा पाजला आणि टीमचा मॅनेजर केलं. छातीला लावायला एक पिवळा बिल्ला दिला. वीस वर्षं जो आवाज कुणाला बंद करता आला नाही, तो त्या बिल्ल्याच्या टाचणीनं बंद झाला. पानठेल्यावरचे खडे गेले. आता इस्तारी हळू बोलायचा, आणि अध्यक्षांच्या बोलण्याला मान हलवायचा. मॅनेजमेंटमध्ये आलं की काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात, असं त्यानं मला एकदा ऐकवलं. मी त्याला शिवी देणार होतो, पण पाणी प्यायलो.

त्याचा पोरगा भूपेश तेव्हा वीस वर्षांचा. बापाच्या तोंडात जेवढी कबड्डी होती तेवढी याच्या पायांत होती. लहानपणापासून धानाच्या बांध्यांतून धावलेला, त्यामुळे चिखलातही तोल जायचा नाही. बोलायचा कमी. त्याचं नाव यादीत सातवं लागलं, ते कुणाच्या मेहेरबानीनं लागलं नव्हतं. प्रेमिलाबाई मला रस्त्यात थांबवून म्हणाल्या होत्या की भूपेशचा शर्ट आला, मागं नंबर आहे. त्यांनी उभ्या जन्मात एक सामना पाहिला नव्हता. सामन्यांच्या दिवशी मासे जास्त खपतात.

सामन्याला आठ दिवस उरले आणि गुणवंतरावांनी भद्रावतीकडून प्रणित नावाचा चढाईपटू आणला. मॅटवर खेळलेला, पायात भारी बूट. चांगला खेळायचा, त्यात वाद नाही. फक्त तो आमच्या गावचा नव्हता आणि नियम इस्तारीचाच होता. म्हणून तोडही इस्तारीनंच काढली. प्रणितनं भूपेशच्या नावानं खेळायचं. पंच आरमोरीचे, त्यांना कोण कुठला काय माहीत. गाव आपलंच, गाव बोलणार नाही. तो पोराचं आधारकार्ड घेऊन माझ्या घरी आला. त्यावरचा फोटो आठवीतला, काळपट, नुसते कान तेवढे दिसत होते.

"पाहा मास्तर," तो म्हणाला, "त्याची मायही वळखणार नाई."

मी हसलो. हे मी लपवत नाही. मी हसलो आणि यादीत सातव्या ओळीवर लिहिलं, भूपेश इस्तारी दिघोरे.

पोराला त्यानं कसं सांगितलं ते नंतर भूपेशकडूनच कळलं. गावाच्या इज्जतीचा सवाल आहे, एक दिवसाचं काम आहे, पुढच्या वर्षी तूच आहेस, असलं काहीतरी. भूपेशनं कार्ड तर आधीच दिलं होतं, आता शर्टही काढून दिला. त्यानं फक्त विचारलं, "मंग मी कुठी राहू?" कारण त्या दिवशी गावात दोन भूपेश चालणार नव्हते. बापानं त्याला सामने संपेपर्यंत आरमोरीला जाऊन बसायला सांगितलं. आणि मायले काही बोलू नको, बाया पोटात ठेवत नाईत, हेही सांगितलं. पोरगा आरमोरीच्या बसस्टँडवर सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसून होता.

आमचं मैदान शाळेमागं, आणि मैदानाला लागून तलाव. एका दिवसात सगळे सामने उरकायचे होते. भोंगे चारी दिशांना तोंड करून बांधलेले. मला नेमकं हेच सुचलं नाही, आणि इस्तारीलाही नाही. प्रेमिलाबाई दुपारभर तलावाच्या पलीकडच्या काठाला कमरेएवढ्या पाण्यात लहान जाळं घेऊन उभ्या होत्या आणि भोंग्यातून दर पाच मिनिटांनी त्यांच्या पोराचं नाव येत होतं. भूपेश दिघोरे चढाईला. भूपेश दिघोरे, दोन गुण. भूपेश दिघोरे यांना पंचायतीकडून बक्षीस. वीस वर्षं नवऱ्याची बडबड ऐकून जी बाई कधी मैदानावर आली नाही, ती जाळं काठावर टाकून आली.

अंतिम सामना आलापल्लीकडच्या एका टीमशी होता. शेवटची सहा मिनिटं, आम्ही एका गुणानं पुढं. तेवढ्यात दोरीपाशी गर्दी बाजूला झाली आणि ओल्या लुगड्यातल्या प्रेमिलाबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. हातातल्या पिशवीत काही मासे अजून हलत होते. माइकवाल्यानं पुन्हा नाव घेतलं आणि प्रणित रेषा ओलांडून गेला. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग बाकीच्या सहांकडं, मग बाकावर. एकेक तोंड पाहत गेल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "भूपेश भूपेश म्हणून राह्यले, मंग माहा भूपेश कुठी आहे?"

माइकवाल्याचा माइक माझ्याच टेबलावर होता आणि तो चालू होता.

पंचांनी शिट्टी वाजवली. आलापल्लीकडचा कप्तान धावत टेबलाशी आला. पंचांनी बाईंना विचारलं, तुम्ही कोण. भूपेशची माय, त्या म्हणाल्या.   पंचांनी मॅनेजरला बोलावलं. इस्तारी आला, बिल्ला लावलेला. त्याच्या मागं गुणवंतराव, पण दोन पावलं मागं. असे प्रसंग आले की ते नेहमीच दोन पावलं मागं असतात.

पंच म्हणाले, खरं काय ते सांगा. त्या क्षणी तो खरं बोलला असता तर टीम बाद झाली असती, एवढंच. दुसरं काही बुडत नव्हतं. आपण हरलेलं चालते म्हणणारा हाच माणूस होता.

"हिले दूरचं दिसत नाई, साहेब," इस्तारी म्हणाला. "हाच आहे भूपेश."

प्रणित मान खाली घालून उभा होता. त्याच्या पाठीवर प्रेमिलाबाईंनी धुऊन ठेवलेला शर्ट होता. पंचांनी बाईंना पुन्हा विचारलं. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, मग त्याच्या छातीवरच्या बिल्ल्याकडं.

"दिसत नसन मले," त्या म्हणाल्या. "खेळू द्या." आणि त्या निघून गेल्या.

आम्ही तीन गुणांनी जिंकलो. मी ते गुण लिहिले, खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. उत्कृष्ट चढाईपटूची शील्ड भूपेश इस्तारी दिघोरे यांना जाहीर झाली. प्रणित तोवर मोटारसायकलवर बसून गेला होता. शील्ड बापानं घेतली, आणि फोटोत तो हसतो आहे.

ती शील्ड नंतर मला एकदाच दिसली. मासे आणायला गेलो होतो. प्रेमिलाबाईंच्या मासे कापायच्या पाटाचा एक पाय मोडला होता, त्याखाली ती टेकू म्हणून लावलेली होती. वर खवले चिकटलेले. इस्तारी शेजारी बसून बिडी ओढत होता, त्यानं तिकडं पाहिलं नाही आणि मी मासे घेऊन निघालो. भूपेश सामन्यानंतर तिसऱ्या दिवशीच आलापल्लीला मावशीकडं गेला होता. तिथं लाकडाच्या डेपोत रोजीनं लागला. जाताना माझ्याकडून कार्ड घेऊन गेला, तेव्हाच त्यानं ते बसस्टँडचं सांगितलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमी तं लिवलं फक्त, मास्तर." हे त्यानं चांगल्या मनानं म्हटलं असेल, पण मला ते अजून टोचतं.

या वर्षी पुन्हा सामने झाले. पंच तेच आरमोरीचे. आलापल्लीकडची टीम पुन्हा आली आणि त्यांच्या कप्तानानं यादी माझ्यापुढं ठेवली. सातव्या ओळीवर भूपेशच्या हातचं अक्षर होतं, शाळेत मीच गिरवून घेतलेलं. भूपेश प्रेमिला दिघोरे.

मी कार्ड पाहिलं. पत्ता आता मावशीकडचा, टीमच्याच गावचा, फोटो नवा, अगदी स्वच्छ. पण नाव जुनंच, बापाचं. कार्डावर एक आणि यादीत दुसरं. नियमानं मी हरकत घ्यायला हवी होती. मी यादी जशी होती तशी गुणपत्रिकेत उतरवली आणि माइकवाल्याला दिली. त्यानं ती भोंग्यातून वाचली, चारी दिशांना.

इस्तारी तरातरा आला. बिल्ला अजून होता, रंग थोडा उडाला होता. बऱ्याच दिवसांनी त्याचा जुना आवाज लागला होता. बापाचं नाव चुकलं, मास्तर, दुरुस्त करा, असं तो दोनदा म्हणाला. पंच वळून पाहू लागले.

"यादीत हेच आहे," मी म्हणालो. "हरकत असन तं लेखी द्या. पण मंग हा भूपेश आहे, हे तुमाले पंचासमोर सांगा लागन. मागच्या साली तुमी दुसरा दाखवला होता."

 त्यानं पंचांकडं पाहिलं, गुणवंतरावांना शोधलं, ते दिसले नाहीत. माझ्यापुढं कागद आणि पेन होतं. ते मी त्याच्याकडं सरकवलं. त्यानं हात लावला नाही.

दोरीपाशी प्रेमिलाबाई उभ्या होत्या. टोपली खाली ठेवलेली, लुगडं कोरडं. माइकवाल्यानं नाव घेतलं, आणि भूपेश आमच्या सात पोरांवर चढाईला आला. अध्यक्षांचा साळा त्याला डाव्या कोपऱ्यातून धरायला गेला आणि तोंडावर पडला. दुसरा त्याच्या पायाला लागून बाद झाला, आणि भूपेश रेषा ओलांडून परत गेला. इस्तारी माझ्या टेबलाशी तसाच उभा होता. मी प्रेमिलाच्या पोराच्या नावापुढं दोन गुण लिहिले.